दोन खिडक्यांमधला त्रिकोण : पुढचा डिजिटल रेंजफाइंडर कसा असेल?

एप्रिल-मे हा वऱ्हाडातला लग्नसराईचा काळ. अमरावती असो की अकोला, मंगल कार्यालयात उभ्या असलेल्या फोटोग्राफरच्या हातातला कॅमेरा एकदा नीट बघा. नवरीचा डोळा कुठे आहे हे तो स्वतः ओळखतो, ती वळली तरी फोकस तिच्यावरच धरून ठेवतो, एका सेकंदात कितीतरी फोटो टिपतो आणि व्हिडिओही काढतो. माणसाने फक्त चौकट धरायची.

आता दुसरा कॅमेरा घ्या. जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या लाइका कंपनीचा एम११. जानेवारी २०२२ मध्ये तो आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ८,९९५ डॉलर होती, आणि तीही लेन्सशिवाय. तो स्वतः फोकस करत नाही. त्यात व्हिडिओ नाही. लांब पल्ल्याची लेन्स त्याला फारशी झेपत नाही. तरीही त्याच्या पुढच्या आवृत्तीची जगभर वाट पाहिली जाते. एम१२ येणार का, कधी येणार, त्यात इलेक्ट्रॉनिक पडदा असेल का, सेन्सर कोणाचा असेल, यावर उत्साहाने तर्क लढवले जातात.

कोडे असे, की ज्या यंत्राला इतक्या गोष्टी येत नाहीत, त्याच्यासाठी माणसे एवढी का थांबतात? आणि या तर्कांपैकी खरे कोणते ठरू शकतील, हे आधीच ओळखता येते का? येते, बऱ्याच अंशी येते. त्यासाठी कंपनीच्या आतली बातमी लागत नाही, शाळेतला त्रिकोण पुरतो.

दोन खिडक्या, एक त्रिकोण

हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी होते, दूर नेला की लहान. दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्याला तीच वस्तू थोड्या वेगळ्या कोनातून दिसते. या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे ते ठरवतो.

रेंजफाइंडर म्हणजे अंतरशोधक. या कॅमेऱ्याच्या वरच्या भागात समोरून पाहिले तर दोन खिडक्या दिसतात. एक मोठी, जिच्यातून आपण पाहतो. दुसरी लहान, तिच्यापासून काही सेंटिमीटर दूर. लहान खिडकीतून आलेले दृश्य आरशा-प्रिझममधून वळवून मोठ्या खिडकीच्या मध्यभागी एका छोट्या उजळ चौकोनात टाकलेले असते. म्हणजे त्या चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा एकमेकींवर पडतात. वस्तू जवळ असेल तर त्या सरकलेल्या दिसतात.

आता लेन्सची कडी फिरवा. लेन्सचा मागचा भाग पुढे-मागे होतो. त्याला टेकलेली एक छोटी चकती असते, ती एका दांडीवर बसवलेली असते. दांडी हलली की अंतरशोधकाच्या आतला काचेचा भाग किंचित फिरतो आणि सरकलेली प्रतिमा मूळ प्रतिमेकडे येऊ लागते. दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसल्या, की त्या क्षणी लेन्सही त्याच अंतरावर फोकस झालेली असते. ना बॅटरी, ना गणकयंत्र. यातली बारीक गंमत अशी, की कुठलीही लेन्स लावली तरी दांडीला कळणारी भाषा एकच आहे : सुमारे ५१.६ मिलिमीटरच्या लेन्सच्या हालचालीची. ३५ ची लेन्स असो की ९०ची, तिच्या मागचा उतार असा घासलेला असतो की दांडीपर्यंत निरोप याच मापात पोचतो.

अशी जोडलेली व्यवस्था लाइकाने १९३२ मध्ये आपल्या दुसऱ्या मॉडेलमध्ये आणली. १९५४ च्या एम३ मध्ये पाहण्याची आणि अंतर जुळवण्याची खिडकी एकच झाली. त्यानंतरच्या बहुतेक एम कॅमेऱ्यांचा पाया तोच आहे.

हिंगणघाटपर्यंत पोचलेला त्रिकोण

हा त्रिकोण आपल्या भागाला नवा नाही. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक रेघ मोजायला घेतली. ती एकच रेघ जमिनीवर मोजायची. मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन हातात आले, की टेकडीपर्यंतचे अंतर तिथे न जाताच निघते. टेकडी मग पुढच्या त्रिकोणाचे टोक होते. अशी त्रिकोणांची साखळी दक्षिणेतून उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजणारे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचे होते.

लॅम्बटन यांनी आयुष्यातली वीस वर्षे या कामात घालवली आणि जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरकडे जाताना, हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही साखळी वऱ्हाडातून, एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, बाजूच्या मुलखातून, मध्य भारतातल्या सिरोंजपर्यंत नेली. आज ज्यांना अचलपूर-परतवाड्याकडून गाविलगडाचे डोंगर दिसतात, त्यांनी त्या डोंगरांकडे एकदा सर्वेक्षकाच्या नजरेने जरूर पाहावे.

लॅम्बटनच्या मोजलेल्या रेघेला पायारेषा म्हणतात. कॅमेऱ्यातल्या दोन खिडक्यांमधले अंतर हीसुद्धा पायारेषाच. फरक एवढाच, की तिची लांबी मैलांत नसून सुमारे ६९ मिलिमीटर असते. आणि सर्वेक्षणातला नियम इथेही लागू होतो : पाया जितका लांब, तितके अंतर पक्के.

चौकट
६९.३ मिमी पाया असलेल्या कॅमेऱ्यात दोन खिडक्यांच्या नजरांमधला कोन
१ मीटरवरची वस्तू : ३.९७ अंश
२ मीटर : १.९९ अंश
५ मीटर : ०.७९ अंश
१० मीटर : ०.४० अंश
११ मीटर : ०.३६ अंश
एक मीटरवरून दोन मीटरवर गेल्यास कोन जवळपास दोन अंशांनी बदलतो. दहावरून अकरावर गेल्यास फक्त ०.०४ अंशाने.

ही चौकट या लेखातल्या पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्ली आहे. हाताच्या अंतरावर, खोलीत, गल्लीत, बाजारात रेंजफाइंडर अत्यंत विश्वासू असतो. अंतर वाढत गेले की त्याची पकड झपाट्याने सैल होते.

संत्र्याच्या ढिगासमोर

वरुड-मोर्शीकडच्या आठवडी बाजारात संत्र्याचा ढीग लावून बसलेल्या बाईंचा फोटो काढायचा आहे असे समजा. खिडकीला डोळा लावला की आधी पूर्ण बाजार दिसतो, धूसर नाही, लेन्स कुठेही फोकस असली तरी सगळे स्वच्छ, कारण आपण लेन्समधून पाहतच नाही. त्यावर उजळ रेषांची चौकट तरंगते, फोटोत येईल तेवढा भाग तिच्या आत. मध्यभागी तो छोटा चौकोन.

चौकोन तराजूच्या दांडीवर न्या. काहीच कळत नाही. दांडी आडवी आहे आणि प्रतिमा आडवीच सरकते, म्हणून दांडीवर दांडी पडते, दुभंग दिसतच नाही. तोच चौकोन पारड्याच्या उभ्या साखळीवर न्या. साखळ्या लगेच दोन दिसतात, एक गडद, एक फिकट. कडी फिरवा, फिकट साखळी गडद साखळीकडे सरकते, भिडते, एक होते. बाईंच्या गळ्यातल्या पोतीवर किंवा लुगड्याच्या उभ्या काठावरही हे जमते. मणी बारीक असतील तर आणखी सोपे. हात सरावला की या सगळ्याला एक श्वासही लागत नाही. आणि जिथे उभी रेघ सापडत नाही, तिथे कॅमेरा आडवा असेल तर उभा धरायचा. मग आडव्या रेषा उपयोगी पडतात.

चौकटीबाहेरचे दिसणे ही या यंत्राची मोठी ताकद आहे. डावीकडून गोणी घेऊन येणारा हमाल चौकटीत शिरण्याआधी दिसतो. तो कधी योग्य जागी येईल हे आपण आधी ठरवू शकतो. आरसा असलेल्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबताच आरसा वर उडतो आणि नेमका तोच क्षण खिडकीत काळा होतो. इथे आरसाच नाही, म्हणून फोटो निघतानाचा क्षणही दिसत राहतो. शटरचा आवाजही दबका. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात लाइका घेऊन फिरले ते यामुळेच. ३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या थोडा वेळ आधी, ते गांधीजींना भेटले होते.

याच कारणाने माझ्या मते अकोल्याची कावड यात्रा हा रेंजफाइंडरसाठी आदर्श विषय आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीत घेऊन शिवभक्त राजराजेश्वराच्या मंदिराकडे चालत येतात. गर्दी अंगावर असते, अंतर दोन-तीन मीटरचे, चेहरे सतत बदलणारे. चौकटीबाहेर काय येते आहे हे दिसत राहणे तिथे फार महत्त्वाचे.

उलट मेळघाटात वाघ दिसला तर हा कॅमेरा पिशवीत ठेवावा. साठ-सत्तर मीटरवर कोनांचा फरक इतका सूक्ष्म होतो की दोन प्रतिमा जुळल्या की नाही हे डोळ्याला ठरवता येत नाही. शिवाय ४०० मिलिमीटरच्या लेन्सची चौकट त्या खिडकीत टिकलीएवढी झाली असती. एम कॅमेऱ्यात चौकटी १३५ मिलिमीटरवर थांबतात, ते उगीच नाही.

ऑटोफोकसही त्रिकोणच

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतला जलद ऑटोफोकस म्हणजे काही वेगळे गणित नव्हे. त्यातली मुख्य पद्धत लेन्सच्या डाव्या आणि उजव्या बाजूने आलेला प्रकाश वेगळा करून दोन प्रतिमा किती सरकल्या आहेत ते मोजते. म्हणजे तिथेही दोन डोळे आहेत, फक्त ते एकाच लेन्सच्या दोन कडांवर आहेत. मग त्या त्रिकोणाचा पाया केवढा? लेन्सच्या तोंडाएवढा, त्याहून मोठा नाही.

५० मिलिमीटरची एफ/१.४ लेन्स पूर्ण उघडली तर तिचे तोंड सुमारे ३६ मिमी असते. २८ मिलिमीटरच्या एफ/२.८ लेन्सचे फक्त १० मिमी. याउलट ४०० मिमी एफ/२.८ चे १४३ मिमी. म्हणून वाघासाठी लेन्सच्या आतून पाहणारा कॅमेरा अजोड, आणि रुंद लेन्स घेऊन गल्लीत फिरणाऱ्यासाठी खिडक्यांचा ६९ मिमी पाया अजूनही भरभक्कम. लेन्स बदलली तरी तो पाया बदलत नाही. इतकी जुनी यंत्रणा टिकून राहण्याचे हे ठोस कारण आहे, नुसती जुन्या वस्तूंची ओढ नव्हे.

फिल्मला चालले ते सेन्सरला का चालेना?

डिजिटल कॅमेरे रुळले तरी डिजिटल रेंजफाइंडर बराच उशिरा आला. पहिला २००४ मध्ये, आणि तो लाइकाचा नव्हता. प्रिंटरसाठी ओळखल्या जाणाऱ्या एप्सनने आर-डी१ आणला. त्याची बॉडी जपानच्या कोसिना कंपनीची होती आणि सेन्सर सहा मेगापिक्सेलचा, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. त्यात शटर ताणायला फिल्म कॅमेऱ्यासारखा खटका होता.

उशीर होण्याचे कारण कॅमेऱ्याच्या जाडीत आहे. एम कॅमेऱ्यात लेन्स बसवायच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर फक्त २७.८ मिमी आहे. आरशासाठी जागा ठेवावी लागणाऱ्या निकॉनच्या एफ माउंटमध्ये तेच ४६.५ मिमी. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही, त्यामुळे रुंद लेन्सचा मागचा काचेचा भाग पार फिल्मजवळ नेता येतो. लेन्स लहान होते, हलकी होते, चित्रही उत्तम येते. पण चौकटीच्या कोपऱ्यांत प्रकाश फार तिरपा पोचतो.

फिल्मला तिरपेपणाशी देणेघेणे नसते. सेन्सरला असते. अंगणात अरुंद तोंडाचे रांजण ओळीने मांडून ठेवले आहेत आणि पाऊस पडतो आहे असे समजा. सरळ पडणाऱ्या पावसाने सगळे सारखे भरतील. वाऱ्याने पाऊस तिरपा झाला तर तो तोंडाच्या कडेवर आदळेल, आत कमी जाईल आणि काही थेंब शेजारच्या रांजणात पडतील. सेन्सरचे प्रत्येक बिंदुघर असाच रांजण आहे. कोपऱ्यातले रांजण अर्धे राहिले की फोटोचे कोपरे काळवंडतात. शेजारच्या रंगाच्या रांजणात थेंब गेले की कोपऱ्यांवर जांभळी-हिरवी झाक येते.

यावर एकामागून एक उपाय झाले. एप्सनने सेन्सर लहान ठेवला, म्हणजे कोपरेच कापून टाकले. लाइकाच्या २००६ च्या एम८ मध्येही सेन्सर २७ बाय १८ मिमीचा होता. त्यात प्रत्येक बिंदुघरावरचे सूक्ष्म भिंग कडेकडे जाताना थोडे आतल्या बाजूला सरकवले होते, जेणेकरून तिरपा प्रकाश घरात पडावा. लेन्सच्या कड्यावर सहा काळ्या-पांढऱ्या खुणा आल्या. त्या वाचून कॅमेरा लेन्स ओळखतो आणि कोपऱ्यांची दुरुस्ती संगणकीय पद्धतीने करतो.

एम८ मध्ये मात्र एक मोठी अडचण निघाली. सेन्सरवरची काच जाड असली तर तिरपा प्रकाश आणखी भरकटतो, म्हणून ती फक्त अर्धा मिलिमीटर ठेवली. पण हीच काच न दिसणारे अवरक्त किरण अडवते. पातळ काचेतून ते आत शिरले आणि काळे कृत्रिम कापड फोटोत जांभळट दिसू लागले. आपल्याकडच्या लग्नात नवरदेवाच्या काळ्या कोटाचे काय झाले असते, विचार करा. लाइकाला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर मोफत द्यावे लागले. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण तिच्यातून दिसते की या कॅमेऱ्यात एक धागा ओढला की दुसरा ताणला जातोच.

सप्टेंबर २००९ मध्ये एम९ आला आणि फिल्मच्या पूर्ण आकाराचा, २४ बाय ३६ मिमीचा सेन्सर रेंजफाइंडरमध्ये पहिल्यांदा बसला. त्याच्या सेन्सरवरची काच पुढे काही वर्षांत गंजू लागली आणि बदलून द्यावी लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये पुढचा एम जाहीर झाला, जानेवारी २०१७ मध्ये एम१०. एम११ च्या ६० मेगापिक्सेल सेन्सरमध्ये तारा-जोडण्या बिंदुघरांच्या मागे नेल्या आहेत, म्हणजे रांजण उथळ झाले आणि त्यांची तोंडे मोकळी झाली. तिरप्या पावसाचा प्रश्न तिथे बऱ्यापैकी सुटला.

शंभर मेगापिक्सेल आले तर?

आता मूळ विषयाकडे येऊ. पुढच्या कॅमेऱ्याबद्दलचा सर्वांत आवडता तर्क मेगापिक्सेलचा असतो. साठ झाले, आता शंभर. सेन्सर तसा बनवता येईल यात शंका नाही. प्रश्न खिडकीचा आहे.

फिल्मच्या काळात फोटोतला ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो असे मानून सगळी गणिते होत. त्या हिशेबाने एफ/१.४ वर फोकस पुढे-मागे सुमारे ०.०४ मिमी चुकला तरी चालून जाई. फिल्म स्वतःही पूर्ण सपाट नसायची. एम११ मध्ये एक बिंदुघर ३.७६ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजायचे. दोन घरांएवढा ठिपका मान्य केला तर चुकीची सवलत ०.०१ मिमीवर येते, चौपटीने कमी. फोटो पडद्यावर मोठा करून पाहणाऱ्याला ती चूक लगेच दिसते.

दरम्यान खिडकीचे काय झाले? तिथे मोजायचे माप म्हणजे प्रभावी पाया : खिडक्यांमधले अंतर गुणिले खिडकीतून वस्तू किती पटीत दिसते ते. १९५४ च्या एम३ मध्ये ६८.५ गुणिले ०.९१, म्हणजे सुमारे ६२ मिमी. आजच्या एम११ मध्ये ६९.३ गुणिले ०.७३, म्हणजे सुमारे ५१. फिल्मला जेवढी अचूकता लागत होती त्याच्या चौपट सेन्सरला लागते, आणि प्रभावी पाया मात्र सत्तर वर्षांपूर्वीपेक्षा लहान आहे. कारण साधे आहे : खिडकीतून मोठे दिसू लागले की २८ आणि ३५ मिमीच्या रुंद चौकटी तिच्यात मावत नाहीत. एम३ मध्ये त्या नव्हत्याच, सर्वांत रुंद चौकट ५०ची होती. ज्यांना बारीक जुळवायचे आहे त्यांच्यासाठी डोळ्याकडच्या बाजूला लावायचे १.४ पट मोठे दाखवणारे भिंग मिळते. ते लावले की प्रभावी पाया ७१ मिमीच्या घरात जातो.

यात अकोल्याचा उन्हाळा मिळवा. वेट्झलारच्या कारखान्यात वीस अंशांना जुळवलेला कॅमेरा मे महिन्यात ४५ अंशांत बाहेर काढला, तर २७.८ मिमी लांबीचा मॅग्नेशियम मिश्रधातू सुमारे ०.०१८ मिमी वाढतो. लेन्स आणि दांडी त्याच वेळी वाढतात, त्यामुळे सगळीच्या सगळी चूक फोटोत उतरत नाही. तरी ज्या खेळात सवलत ०.०१ मिमीची आहे तिथे हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. खिडकी तीच ठेवून पिक्सेल वाढवणे म्हणजे ज्या बारकाव्यापर्यंत फोकस पोचू शकत नाही तो बारकावा विकणे. नव्या रेंजफाइंडरची बातमी आली की मेगापिक्सेलच्या आधी खिडकीची पट आणि पाया विचारावा.

अफवा कुठून येतात, कोणत्या टिकतात

आगामी कॅमेऱ्याच्या बातम्यांचे काही खरे झरे आहेत. आजकाल कॅमेऱ्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ असते. रेडिओ लहरी सोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला विक्रीपूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी यंत्रणेकडे नोंद करावी लागते. भारतातही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते. अशा नोंदींत नाव नसले तरी सांकेतिक क्रमांक दिसतो, आणि त्यावरून काहीतरी येते आहे एवढे कळते. दुसरा झरा पेटंटचा, पण पेटंट म्हणजे कल्पना राखून ठेवणे, ती बाजारात येईलच असे नाही. तिसरा कालगणनेचा. एम१० आणि एम११ यांत पाच वर्षे गेली, म्हणून २०२७ असा हिशेब मांडला जातो. तो फक्त हिशेब आहे. नावाचेही तसेच : २०१२ मध्ये लाइकाने क्रमांक सोडून नुसते ‘एम’ म्हटले होते, त्यामुळे पुढचा एम१२च असेल असे गृहीत धरू नये.

इलेक्ट्रॉनिक खिडकीची अफवा मात्र खरी ठरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये लाइकाने एम ईव्ही१ आणला. एम११ च्याच बांधणीचा, पण वरचा अंतरशोधक काढून त्याजागी छोटा पडदा. लेन्समधून येते तेच त्यात दिसते, लेन्स कुठलीही असो, चूक डोळ्यासमोर. पण दोन खिडक्या गेल्या म्हणजे त्रिकोणही गेला. चांगला कॅमेरा आहे, पण त्याला रेंजफाइंडर म्हणता येणार नाही. फुजीफिल्मच्या एक्स-प्रो मालिकेचेही तेच : दिसायला तशी, काचेच्या खिडकीत इलेक्ट्रॉनिक चौकट उमटवणारी, पण दांडी आणि सरकती प्रतिमा तिच्यात नाही.

हात हलला तरी फोटो न हलवणारी व्यवस्था, म्हणजे सेन्सर तरंगता ठेवणे, हीसुद्धा नेहमीची मागणी. तिला जाडी लागते. २०१२ चा एम ४२ मिमी जाड होता, तक्रारी झाल्या, आणि एम१० पुन्हा ३८.५ मिमीवर आला. शिवाय तरंगता सेन्सर कड्यापासून नेमका २७.८ मिमीवर, शतांश मिलिमीटरच्या आत राहायला हवा. अशक्य नाही, पण एवढ्यात आला तर मला आश्चर्य वाटेल. स्वतःचा सेन्सर विकसित करत असल्याचे लाइकाकडून सांगितले गेले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे : एवढ्या तिरप्या प्रकाशाची गरज दुसऱ्या कुणाला फारशी नसते.

लाइका सोडून कोण? फ्रान्सची पिक्सी नावाची छोटी कंपनी अंतरशोधक असलेले डिजिटल कॅमेरे बनवते. मागे पडदा नाही, फोटो फोनवर पाहायचे. कोसिनाकडे खिडक्या बनवण्याचा अनुभव आहे, एम माउंटच्या लेन्स ती आजही बनवते, म्हणून तिच्याबद्दलचे तर्क मला पूर्णपणे हवेतले वाटत नाहीत.

सर्वांत आशादायक वाट मात्र वेगळी आहे. दोन खिडक्या तशाच ठेवायच्या, पण दोन प्रतिमा जुळल्या की नाही याचा निवाडा एकट्या डोळ्यावर न सोडता लहान खिडकीमागे एक छोटा सेन्सरही ठेवायचा. पाया ६९ मिमीच राहील, कोन मात्र माणसापेक्षा बारीक वाचला जाईल आणि जुळले की चौकोनाची कड उजळेल. उन्हाने किंवा धक्क्याने झालेला फरक कॅमेरा स्वतः मोजून दुरुस्तही करू शकेल. असा कॅमेरा आला तर शंभर मेगापिक्सेललाही अर्थ येईल.

तोवर त्रिकोण हातात घेऊन पाहायचा असेल तर लाखो रुपये लागत नाहीत. १९६६ पासून निघालेला जपानी यशिका इलेक्ट्रो ३५ अनेक घरांच्या कपाटांत आणि जुन्या स्टुडिओंच्या काचेमागे अजून सापडतो. त्याचा ५.६ व्होल्टचा पारा असलेला सेल आता मिळत नाही, पण अंतरशोधकाला सेल लागतच नाही. खिडकीत पिवळट चौकोन दिसेल. लेन्सची कडी शेवटच्या टोकाला, म्हणजे अनंत अंतरावर न्या आणि दूरच्या मोबाइल टॉवरवर चौकोन धरा. टॉवरचा खांब एकच दिसला तर यंत्रणा जुळलेली आहे. दोन दिसले तर अंतरशोधक सरकला आहे, आणि तो जुळवण्याचा स्क्रू फिरवायला जुना कॅमेरा कारागीर गाठावा. खांब डावी-उजवीकडे जुळतो पण एक प्रतिमा वर आणि एक खाली दिसते, असेही होते. तो उभा दोष वेगळ्या स्क्रूने जातो, आणि कारागिराला तो दाखवताना टॉवरपेक्षा घराच्या छपराची आडवी कड जास्त उपयोगी पडते.